गरोदरपणात दाढेवर उपचार करावेत की बाळंतपणापर्यंत थांबावे?

खानापूर_घाटमाथा

नमस्कार. माझे हे पहिलेच बाळंतपण असून सध्या बाविसावा आठवडा चालू आहे. गेल्या पाच रात्रींपासून खालच्या जबड्यातील डाव्या बाजूची दाढ ठणकते आहे. आडवे पडले की ठणका वाढतो आणि उठून बसले की थोडा उतरतो, त्यामुळे मी पहाटेपर्यंतचा वेळ भिंतीला टेकून बसूनच काढते. या दाढेत लग्नाआधी चांदी भरली होती. दिवाळीत चकली खाताना तिचा एक कोपरा तुटला, पण तेव्हा काहीच दुखत नव्हते म्हणून मी लक्ष दिले नाही. आता दाढेच्या मुळाशी हिरडीवर तुरीच्या दाण्याएवढा फोड आला आहे आणि तो दाबला गेला की तोंडात खारट, घाण चव येते. याखेरीज तिसऱ्या महिन्यापासून ब्रश करताना सगळ्याच हिरड्यांतून रक्त येते, ते वेगळेच.

माझी खरी अडचण यापुढची आहे. गावातील दंतवैद्यांकडे गेले तेव्हा त्यांनी कितवा महिना आहे एवढेच विचारले आणि तोंडात न पाहताच बाळंतपण झाल्यावर या असे सांगितले. माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना विचारले, तर दातांचे काय करायचे ते दंतवैद्यच ठरवतील असे त्या म्हणाल्या. दोन्ही ठिकाणी बोलणे गोड होते, परंतु मी दोन्हीकडून दुखरी दाढ घेऊन घरी परत आले. सासूबाईंचे म्हणणे असे की गरोदर बाईने दात काढला तर त्याचा झटका पोटातल्या बाळाला बसतो. त्या स्वतः मिश्री लावतात. माझे हाल पाहवेनात म्हणून त्यांनी तव्यावर भाजलेली ताजी मिश्री वाटीत आणून दिली आणि दाढेत दाबून धरायला सांगितले. एक रात्र मी तसे केले, तेव्हा भोवळ आली आणि उलटी झाली. परवा मात्र अगदीच सहन होईना, म्हणून यजमानांच्या पाठदुखीसाठी आणलेली डायक्लोफिनॅकची एक गोळी घेतली, आणि तेव्हापासून बाळाला काही झाले असेल का या विचाराने जीव थाऱ्यावर नाही. रक्तदाब वाढण्याची शक्यता सांगितल्यामुळे मला रोज रात्री कमी मात्रेची ॲस्पिरिनही चालू आहे.

या दिवसांत दाढेवर उपचार करता येतात का, भुलीचे इंजेक्शन आणि एक्स-रे बाळाला बाधतात का, आणि मी घेतलेल्या त्या एका गोळीने काही अपाय झाला असेल का, हे ज्यांना नक्की ठाऊक आहे त्यांनी कृपया सांगावे. अजून साडेचार महिने अशा रात्री काढणे मला शक्य वाटत नाही.


दंतवैद्य_कराड

ताई, सर्वांत आधी त्या गोळीविषयी लिहितो, कारण तुमची खरी भीती तिथे आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्या जातीची वेदनाशामके विसाव्या आठवड्यानंतर टाळायची असतात. त्यांच्यामुळे बाळाच्या मूत्रपिंडाचे काम मंदावून गर्भजल कमी होऊ शकते, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर बंद होणारी एक रक्तवाहिनी आधीच आकसण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये याच कारणासाठी सूचना काढली होती. परंतु ही काळजी मुख्यतः ती औषधे दिवसेंदिवस चालू ठेवण्यासंबंधी आहे. तुम्ही एकच गोळी घेतली आहे, त्यामुळे घाबरून जाऊ नका, पण पुढची घेऊ नका आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हे लपवून न ठेवता सांगा. तुमची कमी मात्रेची ॲस्पिरिन मात्र वेगळ्या हेतूने दिलेली आहे. ती दाढेच्या कारणाने स्वतःहून थांबवू नका आणि दंतवैद्यांनी सांगितले तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थांबवू नका. तेवढ्या ॲस्पिरिनवर दाढ काढावी लागली तरी कापसाचा बोळा दाबून धरून किंवा एखादा टाका घालून रक्त थांबवता येते. ठणक्यासाठी पॅरासिटामॉल हे गरोदरपणातले पहिल्या पसंतीचे औषध आहे. तेही मात्रा विचारून आणि गरजेपुरतेच घ्यावे.

आता दाढेविषयी. तोंडात पाहिल्याशिवाय निदान करणे योग्य नाही. परंतु आडवे पडल्यावर वाढणारा ठणका, तुटलेली जुनी चांदी, हिरडीवरचा फोड आणि खारट चव हे सगळे एकत्र असेल तर दाढेच्या आतील शिरेपर्यंत कीड पोहोचून मुळाशी पू झालेला असण्याची शक्यता फार आहे. असा पू औषधाने तात्पुरता दबतो, परंतु दाढेच्या आत मेलेला भाग तसाच राहिला तर तो पुन्हा पुन्हा उफाळतो. म्हणून केवळ गोळ्यांवर साडेचार महिने काढण्याचा बेत मला मुळीच योग्य वाटत नाही. दाढ उघडून पू वाहता करणे आणि नंतर रूट कॅनाल पूर्ण करणे, किंवा दाढ वाचण्यासारखी नसेल तर ती काढणे, हाच यावरचा उपचार आहे, आणि तो गरोदरपणात करता येतो.

हे माझे एकट्याचे मत नाही. प्रसूतितज्ज्ञांची अमेरिकेतील मोठी संघटना, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स, हिने २०१३ सालीच स्पष्ट सांगितले की दातांची तपासणी, दातांचे एक्स-रे, जागेवरच्या भुलीचे इंजेक्शन आणि रूट कॅनालसारखे तातडीचे उपचार गरोदरपणात सुरक्षित आहेत व ते लांबणीवर टाकू नयेत. उपचारासाठी सर्वांत सोयीचा काळ चौदाव्या ते विसाव्या आठवड्याचा मानतात, कारण त्या वेळी उलट्या थांबलेल्या असतात आणि पोटाचा भारही फार झालेला नसतो. तुम्ही त्याच्या जरा पुढे आहात, तरीही अजून खुर्चीवर आरामात झोपता येण्याचे दिवस आहेत. जितका उशीर कराल तितके ते तुम्हालाच अवघड जाईल. पू आणि वेदना असतील तर मात्र कोणताही महिना असला तरी थांबायचे नसते.

भुलीसाठी आपल्याकडे बहुतेक सगळेच लिग्नोकेन वापरतात. गरोदर स्त्रीसाठी हीच भूल सर्वाधिक पसंत केली जाते. तिच्यात अगदी थोडे ॲड्रेनलिन मिसळलेले असते आणि त्यामुळे भूल जागच्या जागी जास्त वेळ टिकते. सुई रक्तवाहिनीत शिरलेली नाही हे पाहून सावकाश इंजेक्शन दिले की त्याचा त्रास होत नाही. खरे तर भुलीविना सोसलेल्या कळांनी तुमच्या शरीरात आपोआप सुटणारे ॲड्रेनलिन त्याहून अधिक असू शकते. म्हणून कोणी ‘गरोदर आहात, भूल नको, थोडे सोसा’ असे म्हणाले तर ते ऐकू नका.

एक्स-रेबद्दल सांगायचे तर दाढेच्या एका लहान एक्स-रेचे प्रमाण काही मायक्रोसीव्हर्ट इतके अल्प असते. जमिनीतून, आकाशातून आणि अन्नातून आपल्या प्रत्येकाला वर्षाकाठी जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे २४०० मायक्रोसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतच असतो. शिवाय एक्स-रेचा झोत जबड्यावर रोखलेला असतो, पोटावर नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये तर दातांच्या एक्स-रेसाठी शिशाचा ॲप्रन घालण्याचीही आवश्यकता नाही असे सांगितले. तरीही मी माझ्या गरोदर रुग्णांना ॲप्रन घालतो. त्याने नुकसान काही नाही आणि त्या निवांत बसतात.

प्रतिजैविकांची गरज दाढ पाहिल्यावरच ठरेल. अमॉक्सिसिलिन आणि त्या कुळातली औषधे गरोदरपणात वर्षानुवर्षे वापरात आहेत. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर पहिल्याच वाक्यात डॉक्टरांना सांगा. डॉक्सिसायक्लिन आणि टेट्रासायक्लिनच्या जातीची औषधे मात्र कोणी घरातली उरलेली दिली तरी घेऊ नका. बाळाचे दुधाचे दात साधारण सहाव्या आठवड्यापासून घडू लागतात आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास त्यांत कॅल्शियम बसू लागते. या औषधांचा पिवळसर, करडा डाग त्याच दातांत कायमचा उतरतो.

हिरड्यांतून येणारे रक्त हा स्वतंत्र विषय आहे. गरोदरपणात वाढलेल्या संप्रेरकांमुळे हिरड्या दातांवरच्या जंतूंच्या थराला नेहमीपेक्षा जास्त चिडून उत्तर देतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हे सुरू होते, आठव्या महिन्यापर्यंत वाढते आणि बाळंतपणानंतर बरेचसे ओसरते. रक्त येते म्हणून पुष्कळ बायका ब्रश करणेच सोडतात, त्यामुळे थर आणखी साचतो आणि रक्त वाढते. मऊ ब्रशने, फ्लोराइडच्या पेस्टने, हिरडीच्या कडेपर्यंत दोन वेळा घासा आणि दाढेचे काम होईल त्याच वेळी दातांवरचे कीटण काढून घ्या. तोही गरोदरपणात चालणारा उपचार आहे.

एक महत्त्वाची सूचना. गालाची सूज जबड्याखाली किंवा डोळ्याकडे सरकली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. तसे काही नसेल तर उद्याच दुसऱ्या दंतवैद्यांना दाखवा. तुमच्यापासून सांगली आणि कराड ही दोन्ही ठिकाणे जवळ आहेत. दोन्हीकडे दंत महाविद्यालये आहेत आणि तिथे गरोदर रुग्ण पाहण्याची सवय असलेले शिक्षक असतात.


निशिगंध

वरील उत्तर मी चार वर्षांपूर्वी वाचले असते तर बरे झाले असते, म्हणून माझा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

माझ्या पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात अक्कलदाढेजवळ दुखू लागले. मलाही ‘आता काही करायचे नाही’ असेच सांगण्यात आले आणि मी ते मुकाट्याने मान्य केले, कारण बाळासाठी थोडे सोसावे यात मला काही चुकीचे वाटले नाही. दोन महिने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि लवंग यांवर काढले. लवंगेचे तेल कापसावर थेट घेऊन ठेवत असे, त्याने हिरडी पांढरी पडून भाजली ते निराळेच. आठव्या महिन्यात एका सकाळी उठले तो गाल कानापर्यंत सुजलेला होता आणि दातांच्या फटीतून चमचादेखील आत जाईना. मला रुग्णालयात ठेवावे लागले. चार दिवस शिरेतून प्रतिजैविके दिली आणि जबड्याच्या कोनाशी आतून छेद घेऊन पू काढला. शेवटी हे सगळे भुलीखालीच झाले, एक्स-रेही निघाला आणि पाचव्या महिन्यात दोन गोळ्यांत भागले असते तिथे किती औषधे शरीरात गेली याची गणतीच नाही. त्या चार दिवसांत मला धड जेवता आले नाही, तेव्हा बाळाच्या पोटात काय जात असेल हा विचार मी अजून विसरू शकलेले नाही. मुलगी सुखरूप झाली. परंतु ज्या सोसण्याला मी बाळाची काळजी समजत होते, त्याने बाळाचे रक्षण काहीच झाले नव्हते.

दुसऱ्या खेपेला वेगळाच प्रकार झाला. पुढच्या दोन दातांच्या मध्ये हिरडीवर डाळिंबाच्या दाण्यासारखी लालभडक, चमकणारी गाठ आली आणि ब्रश लागला की तिच्यातून भळाभळा रक्त येई. घरात सगळ्यांच्या मनात नको तो आजार आला. या वेळी मी दुसऱ्या दंतवैद्यांकडे गेले. त्यांनी पाहून सांगितले की ही गरोदरपणात काही स्त्रियांना येणारी साधी गाठ आहे, कर्करोग नाही, आणि बहुतेक वेळा बाळंतपणानंतर ती आपोआप आकसते. त्यांनी आजूबाजूचे कीटण काढले आणि जेवताना अडथळा झाला किंवा रक्त थांबेनासे झाले तरच ती काढू असे ठरवले. बाळ दोन महिन्यांचे होईपर्यंत ती खरोखरच नाहीशी झाली.

खुर्चीवर झोपण्याविषयी एक लहानशी गोष्ट सांगते. दिवस भरत आले की सपाट उताणे झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून घाम फुटतो, मळमळते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. माझ्या दंतवैद्यांनी उजव्या कुशीखाली घडी केलेली चादर सरकवून मला जराशी डावीकडे कलती ठेवली होती आणि दर दहा मिनिटांनी उठवून बसवत होते. तुमच्या डॉक्टरांनी आपण होऊन तसे केले नाही तर तुम्हीच उशी मागून घ्या, त्यात संकोच करू नका.


आजीचा_बटवा

मी साठी ओलांडलेली बाई आहे आणि माझी तीन बाळंतपणे झाली. डॉक्टरांच्या ज्ञानापुढे माझे काही चालणार नाही हे मला समजते, तरीही मनातली शंका मांडते. आमच्या वेळी असे म्हणत की बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, म्हणून प्रत्येक बाळंतपणाला एखादा दात जायचाच. माझ्या तिन्ही खेपांना एकेक दाढ गेली, त्यामुळे मला ते खोटे वाटत नाही. मग दात जाणारच असेल तर नाजूक दिवसांत त्याला हात कशाला लावायचा? शिवाय हल्लीच कुठेतरी वाचले की हिरड्यांच्या आजाराने मूल दिवसांआधी जन्मते. ते खरे असेल, तर हिरड्यांना चिवडल्याने उलट अपाय होणार नाही का?


दंतवैद्य_कराड

आजी, तुमच्या दाढा गेल्या हे खरे आहे, परंतु त्या बाळाने नेल्या नाहीत. बाळाला लागणारे कॅल्शियम आईच्या आहारातून मिळते आणि ते कमी पडले तर आईच्या हाडांतून घेतले जाते. दातांतले कॅल्शियम एकदा बसले की रक्तात परत जाण्याची वाटच नसते. दाढा जातात त्या त्या नऊ महिन्यांत बदललेल्या दिनक्रमाने. दर दोन तासांनी थोडे थोडे खाणे होते, डोहाळ्यांच्या चिंचा, कैऱ्या आणि पेढे होतात, ब्रशच्या वासाने मळमळते म्हणून घासणे अर्धवट राहते, आणि उलट्यांतले आम्ल दातांच्या आतल्या बाजूवरून रोज फिरत असते. काही जणी माती किंवा पाटीवरची पेन्सिल खातात, त्याने दात झिजतात आणि बहुतेकदा त्यामागे अंगात रक्त कमी असल्याची शक्यता तपासून पाहावी लागते. ज्यांना अजून उलट्या होत आहेत त्यांनी उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये, कारण आम्लाने मऊ पडलेला थर ब्रशने खरवडला जातो. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरावी आणि अर्ध्या-पाऊण तासाने घासावे. तुमच्या प्रत्येक खेपेला दाढेत कीड आधीच असणार. या गोष्टींनी ती वाढली आणि उपचार न झाल्यामुळे दाढ गेली. म्हणजे थांबण्यानेच त्या गेल्या, असे मला वाटते.

तुमची दुसरी शंका फार महत्त्वाची आहे आणि तिचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. हिरड्यांचा गंभीर आजार असलेल्या स्त्रियांमध्ये दिवसांआधी प्रसूती होण्याचे प्रमाण जास्त दिसते, असे निरीक्षण १९९६ सालापासून चर्चेत आहे. त्यावरून हिरड्यांवर उपचार केले की अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण टळेल अशी आशा निर्माण झाली. ती तपासण्यासाठी अमेरिकेत ८२३ गरोदर स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या स्त्रियांच्या हिरड्या एकविसाव्या आठवड्यापूर्वी खोलवर साफ केल्या आणि उरलेल्यांच्या बाळंतपणानंतर. दिवसांआधी प्रसूती झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १२ टक्के आणि दुसऱ्या गटात १२.८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यायला हवा. हिरड्या साफ केल्याने बाळ नक्की पूर्ण दिवसांचे होईल असे कोणी दंतवैद्य सांगत असेल तर तो जास्तीचे सांगतो आहे. पण साफ केल्याने अपाय होतो, ही भीतीही त्याच अभ्यासाने दूर केली आणि त्या स्त्रियांच्या हिरड्या मात्र सुधारल्या. आईचे तोंड निरोगी असावे हे उपचाराचे पुरेसे कारण आहे, त्याला आणखी आधाराची गरज नाही.

एका बाबतीत मात्र तुमचे म्हणणे बरोबर आहे. जे काम तातडीचे नाही, त्याला या दिवसांत हात लावू नये. दात पांढरे करून घेणे, दिसण्यासाठी कॅप बसवणे, न दुखणारी जुनी चांदी काढून दुसरे काही भरणे, ही कामे बाळंतपणानंतर करावीत. चांदीत पारा असतो आणि ती खरवडताना त्याची वाफ निघते. मूळ प्रश्न विचारणाऱ्या ताईंची चांदी तुटलेली आहे आणि खाली पू आहे, त्यामुळे तिथे ती काढावीच लागेल. ते काम भरपूर पाणी मारून आणि तोंडात जोरदार सक्शन लावून केले जाते.


प्रसूतिकक्ष

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि या धाग्यातला पहिला परिच्छेद वाचून मला वाईट वाटले, कारण यात आमच्या बाजूची चूकही आहे. ‘दंतवैद्य ठरवतील’ हे उत्तर पुरेसे नाही. दंतवैद्य घाबरतात ते पुष्कळदा त्यांच्याकडे रुग्णाची माहिती नसल्यामुळे. म्हणून ताई, तुमच्या डॉक्टरांकडून अर्ध्या पानाची चिठ्ठी मागून घ्या. तीत किती आठवडे झाले, रक्तदाब किती आहे, हिमोग्लोबिन आणि साखर किती आहे, वार खाली आहे का, अकाली कळांचा धोका आहे का, कोणती औषधे चालू आहेत, विशेषतः ॲस्पिरिन किती मिलिग्रॅमची आहे, आणि जागेवरची भूल देण्यास हरकत नाही, एवढे लिहिलेले असावे. ही चिठ्ठी हातात असली की दंतवैद्य सहसा नाही म्हणत नाहीत. साखरेची तपासणी अजून झाली नसेल तर तीही करून घ्या, कारण गरोदरपणातली वाढलेली साखर आणि तोंडातला पू एकमेकांना वाढवतात.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. हे अभियान २०१६ पासून चालू आहे. तिथे वजन, रक्तदाब, रक्त, लघवी सगळे पाहिले जाते, पण तोंड उघडून पाहण्याची सवय आम्हाला कोणालाच लागलेली नाही. मी अलीकडे प्रत्येक पहिल्या भेटीत ‘दात दुखतो का, हिरड्यांतून रक्त येते का’ हे दोन प्रश्न विचारू लागले आहे आणि चौथ्या महिन्यातच दंतवैद्यांकडे पाठवते.

यापेक्षा मला मिश्रीविषयी अधिक आग्रहाने लिहायचे आहे. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच आहे, ते दंतमंजन नव्हे. ती दाढेत दाबून धरल्यावर तुम्हाला भोवळ आली आणि उलटी झाली, याचे कारण निकोटिन हिरडीतून सरळ रक्तात गेले. मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची भरली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. मिश्रीने दुखणे थांबल्यासारखे वाटते ते जागा बधिर झाल्यामुळे, आणि त्याच भ्रमात आपल्याकडच्या कित्येक बायका पहिल्यांदा मिश्रीला लागतात. तुमच्या सासूबाईंनी मायेनेच वाटी पुढे केली यात मला शंका नाही. त्यांना दोष न देता एवढेच सांगा की डॉक्टरांनी हे बाळाला बाधते म्हणून सांगितले आहे. नातवंडासाठी त्या नक्की ऐकतील.


खानापूर_घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहिते आहे, कारण मधले दिवस धावपळीत गेले.

दुसऱ्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे जाऊन चिठ्ठी मागितली. काय काय लिहायचे ते मी या धाग्यावरून कागदावर उतरवून नेले होते. त्यांनी ते वाचले, गोळीबद्दल सांगितले तेव्हा रागावल्या नाहीत, सोनोग्राफीत गर्भजल व्यवस्थित असल्याचे दाखवले आणि पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून दिली. त्याच दिवशी दुपारी सांगलीला गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी चिठ्ठी दोनदा वाचली, मला थोडे खाऊन यायला सांगितले आणि मग खुर्चीवर घेतले. उजव्या कुशीखाली उशी मी मागण्याआधीच त्यांनी ठेवली. भुलीचे इंजेक्शन त्यांनी इतके सावकाश दिले की सुई केव्हा बाहेर आली ते मला समजले नाही, फक्त ओठ जाड झाल्यासारखा वाटू लागला. दाढ उघडल्यावर जो वास आला तो मलाही आला आणि त्याच क्षणी पाच-सहा दिवसांचा ठणका कोणीतरी दोर सोडावा तसा सुटला. त्या वेळी पोटात बाळाने लाथ मारली, तेव्हा मी हात पोटावर ठेवला, आणि मॅडमनी यंत्र बंद करून ‘सावकाश होऊ द्या, घाई नाही’ म्हटले. त्या रात्री मी सलग सात तास झोपले.

आतापर्यंत दोन बैठका झाल्या आहेत. एकच लहान एक्स-रे काढला. दाढ वाचणार आहे. तिसऱ्या बैठकीत ती भरून घ्यायची आणि वरची कॅप बाळंतपणानंतर बसवायची असे ठरले आहे. दुसऱ्या बैठकीच्या वेळी कीटणही काढले आणि हिरड्यांचे रक्त पुष्कळ कमी झाले आहे. फोड बसला.

मिश्रीबद्दल सासूबाईंशी मी बोलू शकले नाही, माझी जीभच उचलेना. परंतु दुसऱ्या बैठकीला त्याच माझ्यासोबत आल्या होत्या. मॅडमनी मला काय काय लावता असे विचारले, तेव्हा मी गप्प राहिले आणि सासूबाईंनीच पुढे होऊन ‘ती नाही, मी लावते, पस्तीस वर्षे झाली’ असे सांगितले. मॅडमनी त्यांनाही शेजारच्या खुर्चीवर बसवले आणि गाल ओढून दिव्याखाली पाहिले. जिथे त्या मिश्री धरून ठेवतात तिथे, खालच्या ओठाच्या आत, एक पांढरट चट्टा आहे. घाबरण्यासारखे आताच काही म्हणता येणार नाही, पण मिश्री आजपासून बंद करायची आणि तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचे, चट्टा तसाच राहिला तर लहानसा तुकडा काढून तपासायचा, असे त्यांनी सांगितले. येताना एसटीत सासूबाई काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मिश्रीचा डबा परसात नेऊन रिकामा केला. आता आम्हा दोघींची पुढची तारीख एकाच दिवशी घेतली आहे.